टोबॅगोतल्या कुर्ल्या

लग्नाला एक्केचाळीस वर्षं होऊनही विनय आणि अरुणा हॉलिडेला म्हणून कधी कुठे गेले नव्हते. सुट्टी म्हणजे इंडिया. एका वर्षी आधी त्याचं वेंगुर्ला मग तिचं नागपूर, दुसऱ्या वर्षी आधी नागपूर मग वेंगुर्ला, आणि हा क्रम चुकला की भांडण. ग्लासगोतले शेजारी स्पेनहून टोमॅटोसारखे लाल होऊन परतायचे, तेव्हा हे दोघं घरी बॅगेत फुटलेल्या लोणच्याच्या बरणीवरून एकमेकांना बोल लावत असायचे. आता दोन्हीकडची वडीलधारी माणसं गेली होती. कुणी वाट बघणारं उरलं नव्हतं, त्यामुळे सुट्टीचं काय करायचं हेच दोघांना कळेनासं झालं होतं.

विनय कानाचा सर्जन होता. तांदळाच्या कणीएवढ्या हाडांवर मायक्रोस्कोपखाली काम करणारा. त्रेसष्टाव्या वर्षी एका रविवारी सकाळी हातातला चहाचा कप बशीवर वाजायला लागला. वाऱ्याने खिडकी वाजावी तसा, थांबेचना. त्याने कप खाली ठेवला आणि सोमवारी हॉस्पिटलला कळवून टाकलं की आपण यापुढे ऑपरेशन करणार नाही. लोकांना सांगितलं, ‘पुरे झालं आता.’ लोकांनाही ते पटलं. खरं कारण एकट्या अरुणाला ठाऊक होतं. ती स्वतः जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. निदान व्हायच्या आधीच तिने ते ओळखलं होतं. पण त्या आजाराचं नाव घरात कधी कुणी घेतलं नाही. ‘हाताचं कसं आहे?’ ‘हाताची गोळी घेतलीत का?’ एवढंच. केंब्रिजला रिसर्च करणाऱ्या त्यांच्या एकुलत्या मुलीला, आर्यालाही काही सांगायचं नाही, अशी त्याने अरुणाला शपथच घातली होती.

सहा वर्षांत हात वाईट होत गेला, आणि त्याहून जास्त विनय आक्रसत गेला. मित्रांकडची जेवणं बंद झाली. कुणी बोलावलं की त्याची पाठ दुखायची, नाहीतर बर्फ पडणार असायचा. फेब्रुवारीत पाच वाजताच अंधारून यायला लागलं की तो पडदे ओढून घ्यायचा, आणि दिवस संपला एकदाचा असा सुस्कारा टाकायचा. तो सुस्कारा ऐकून एक दिवस अरुणा म्हणाली, “अहो, आपण कुठेतरी जाऊ या. उन्हात.”

“कुठे?”

“तुम्ही सांगाल तिथे.”

त्याने जरा विचार केला. “जिथे आपल्याला ओळखणारं एक माणूस नसेल, तिथे.”

म्हणून टोबॅगो. नकाशात शोधायला चष्मा लागावा एवढंसं वेस्ट इंडीजमधलं बेट. लंडनमार्गे उडून, विमानातून बाहेर पाऊल टाकलं तर ओला, ऊबदार वारा अंगावर आला आणि विनय शिडीवरच थबकला. “अगं, वेंगुर्ल्याचा वास आहे हा,” तो म्हणाला. अरुणाला वाटलं, जिंकलं आपण.

पण पहिल्याच संध्याकाळी घात झाला. हॉटेलच्या डायनिंग रूममध्ये पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ होते. शेजारच्या टेबलावर ॲबरडीनचं एक गप्पिष्ट जोडपं. ग्लासगोचं नाव ऐकून ते दोघं खुर्च्या वळवून बोलायलाच बसले. विनयने सूपचा चमचा उचलला, तो अर्ध्या वाटेत हिंदकळला, आणि भोपळ्याचं पिवळं सूप टेबलक्लॉथवर, बाहीवर, सगळीकडे. ॲबरडीनच्या बाईने चटकन नजर दुसरीकडे वळवली. भलेपणानेच वळवली, पण विनयला तेच लागलं. तो उठून खोलीत गेला.

त्यानंतर तीन दिवस तो खोलीतच जेवला. बाल्कनीत, दाराकडे पाठ करून. “तू जा खाली, मला खाली आवडत नाही,” म्हणायचा. अरुणा खाली जायची आणि दोघांच्या टेबलावर एकटी बसायची. चौथ्या दिवशी तिचा संयम संपला. नागपूरकडची बाई ती, एरवी फार सोसायची, पण एकदा फुटली की मग फुटली.

“सात हजार किलोमीटर ओलांडून आले मी, ते तुमची पाठ बघायला नव्हे!” एवढं बोलून तिने चपला घातल्या आणि दार आपटून बाहेर पडली.

किनाऱ्याकिनाऱ्याने ती तरातरा चालत राहिली. वाळू पायाला पोळत होती, समुद्र नको इतका सुंदर होता, आणि तिला रडू येत होतं. चालता चालता एका वळणावर रस्त्याच्या कडेला टपऱ्यांची रांग लागली. मसाल्याचा आणि नारळाच्या दुधाचा असा काही वास सुटला होता की रडणं राहिलं बाजूला. पहिल्याच टपरीवर एक भरभक्कम, साठीची बाई भल्या मोठ्या पातेल्यात डाव फिरवत होती. फळीवर नाव रंगवलं होतं : मिस जोसेलिन. अरुणाने पातेल्यात डोकावून पाहिलं. दाट पिवळसर रश्शात आख्खे खेकडे, आणि वरणफळांसारख्या चपट्या, जाड कणकेच्या चकत्या.

ती तशीच उलट पावली हॉटेलवर गेली. विनय बाल्कनीत होता तसाच होता.

“कुर्ल्या आहेत,” ती दारातूनच म्हणाली.

“काय?”

“कुर्ल्या. नारळाच्या रसातल्या. चालत दहा मिनिटांवर. मी खेकडा कधी खाल्लेला नाही, कसा खातात मला माहीत नाही. यायचं तर या, नाहीतर मी त्या बाईलाच विचारते.”

विनय शर्ट बदलायला उठला. “त्या बाईला काय कळतंय कुर्लीतलं,” तो पुटपुटला.

टपरीसमोर झाडाखाली लांबलचक बाकं होती. तिथे बसलेल्या कुणापुढेही काटा-चमचा नव्हता. टॅक्सीवाले, शाळेच्या युनिफॉर्ममधल्या मुली, एक बँकेतला दिसणारा माणूस टाय खांद्यावर टाकून. सगळे दोन्ही हातांनी खात होते. कोपरापर्यंत रस्सा, हनुवटीवर रस्सा. कुणी नांगी दाताने फोडत होतं, कुणी बोटं चोखत होतं, आणि त्याचं कुणालाच काही नव्हतं.

मिस जोसेलिनने दोन थाळ्या आदळल्या. अरुणा आपल्या थाळीतल्या खेकड्याकडे आणि खेकडा अरुणाकडे बघत बसला. विनयने तिची थाळी पुढे ओढली.

“हे बघ. इथे सांधा असतो. तोडायचं नाही, वाकवायचं.” त्याने नांगी दोन बोटांत धरली, अंगठा नेमका ठेवला आणि कट्‌ असा आवाज आला. आतला पांढराशुभ्र गर अख्खा निघून आला. “आई आम्हाला शिकवायची. गर मोडला तर धपाटा मिळायचा.”

त्याचा हात स्थिर नव्हता. रश्शाचे थेंब उडत होते. शर्टावर, तिच्या रंगीबेरंगी नव्या ड्रेसवर. पण तो थांबला नाही. एक फोडून तिला द्यायचा, एक स्वतः खायचा. अरुणाने गर तोंडात घातला आणि डोळे मिटले. इतकी वर्षं आपण हे खाल्लं नाही म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

रस्सा वाढायला आलेली मिस जोसेलिन विनयच्या हाताकडे बघत उभी राहिली. नजर वळवणाऱ्यातली ती नव्हती.

“हाताला काय झालंय?” तिने सरळ विचारलं.

अरुणा घास चावायची थांबली. आता हे उठणार, हॉटेलवर जाणार, उद्याच्या विमानाची चौकशी करणार.

विनयने हातातली नांगी थाळीत ठेवली. “पार्किन्सन्स,” तो म्हणाला.

सहा वर्षांत तो शब्द त्याच्या तोंडून अरुणा पहिल्यांदाच ऐकत होती. तोही कुणापुढे, तर एका टपरीवालीपुढे.

“माझ्या मामाला होता,” मिस जोसेलिन म्हणाली. “मासेमारी करायचा. शेवटपर्यंत जाळी विणली त्याने. भयंकर वेडीवाकडी, मासे हसायचे. रस्सा हवा?”

“वाढा,” विनय म्हणाला. आणि हसला. पोट हलेपर्यंत हसला. अरुणाला मात्र हसू आणि रडू यांतलं काय येतंय ते कळेना, म्हणून तिने खाली मान घालून दुसरी नांगी वाकवायला घेतली.

जेवण झाल्यावर दोघं नळावर हात धुऊन किनाऱ्यावर बसली. मग विनय म्हणाला, “केंब्रिजला किती वाजले असतील?”

“सहा. संध्याकाळचे.”

“आर्याला लाव.”

अरुणाने व्हिडिओ कॉल लावला आणि फोन त्याच्यासमोर धरला. आर्या लॅबमधून घरी चालत निघाली होती; कानटोपी, नाक लाल, आणि मराठी तेच ग्लासगोत वाढलेलं, मोडकंतोडकं. “बाबा! किती टॅन झालास तू! शर्टवर काय सांडला आहे?”

“आर्या, ऐक. तुला एक सांगायचं राहिलंय.” “माझा हात—”

“मला माहीत होता, बाबा.”

विनयने अरुणाकडे पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली.

“तीन वर्षं माझ्या बर्थडे कार्डवर आईची हँडरायटिंग आहे,” आर्या म्हणाली. रस्त्यावरच्या दिव्याखाली ती थांबली होती. “आई तुझा सही पण करते. ‘बाबा’ लिहिताना ती तुझ्यासारखा वळण काढायला बघते. मी विचारणार होती, पण मला वाटला, तुला आवडणार नाही. म्हणून मी वाट बघितली.”

अरुणाने फोन त्याच्या आणखी जवळ धरला.

“रागावलीस?” त्याने शेवटी विचारलं.

“थोडा. आता नाही.” तिने नाक पुसलं. “तुमचा फ्लाइट किती वाजता येतो गॅटविकला? मी येते.”

“अगं, ग्लासगोचं विमान चारच तासांनी आहे. कशाला उगाच—”

“चार तास पुष्कळ आहेत,” आर्या म्हणाली.

आणि खरंच ती आली. केंब्रिजहून पहाटेची ट्रेन पकडून, ओला कोट सावरत, अरायव्हल्सच्या दाराशी उभी होती. तिने आधी बापाला मिठी मारली, मग आईला, आणि कॅफेत बसल्या बसल्या प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. कन्सल्टंट कोण, गोळ्या कुठल्या, किती वेळा, झोप लागते का, फिजिओ का करत नाहीस. विनय एकेका प्रश्नाचं उत्तर देत होता. सुरुवातीला चाचरत, मग एखाद्या ज्युनियर डॉक्टरला केस समजावून सांगावी तसं, टेबलावर बोटाने आकृत्या काढत. मध्येच त्याने तिला तिच्या रिसर्चबद्दल विचारलं. गव्हाच्या मुळांवर ती काय करते ते त्याने कधी नीट ऐकूनच घेतलं नव्हतं. आर्या सांगत गेली, इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत उड्या मारत, आणि तो तिला मध्ये मध्ये शंका विचारत राहिला.

बाहेर बारीक पाऊस पडत होता. अरुणाने बोर्डावर पाहिलं. ग्लासगोचं गेट लागलं होतं. ती उठली, विनयचा आणि आपला कोट हातावर घेतला, आणि आणखी पाच मिनिटं बापलेकीला काही न सांगता तशीच उभी राहिली.