तीन-आठचा पाना

"ह्ये कुनी केलं?" पान्यांची पेटी उघडताच दत्तोबा फिटरने विचारलं.

निमगाव केतकीच्या शिवारात म्हाताऱ्या प्रयागबाईच्या विहिरीवरचं ऑइल इंजिन बंद पडलं होतं. पंचावन्न सालचा चैत्र तापला होता आणि वांग्यांनी माना टाकल्या होत्या. आज पाणी मिळालं नाही तर मळा हातचा गेला, हे तिने फिटरला बांधावरच सुनावलं होतं.

"म्या केलं, दाजी," जोतीराम म्हणाला. हा दत्तोबाच्या बायकोचा भाऊ. इंग्रजी दुसरीत नापास झालेला आणि तेवढ्यावर शहाणपण मिरवणारा. "गाठोडी सोडली आन् आकड्यापरमानं लावलं समदं. तीन-आठचं तीन-आठात."

बारामतीपासून इंदापूरपर्यंत कुणाचंही इंजिन बिघडलं की बोलावणं दत्तोबालाच यायचं, आणि हे तो स्वतःच सांगत फिरायचा. त्याच्या पान्यांची गाठोडी गावांच्या नावाने बांधलेली असत. काटेवाडीचं एक, जळोचीचं एक, निमगावचं एक. ज्या गावच्या इंजिनांचे नट ज्या पान्यांनी खुलत, ते त्या गावच्या गाठोड्यात. पान्यांवर कंपन्या काय कोरतात ते त्याने कधी वाचलं नाही, कारण त्याला वाचताच येत नव्हतं. लोकांना मात्र तो सांगायचा की त्यात वाचण्याजोगं काही नसतंच.

या एका बाबतीत तो अगदीच खोटा नव्हता. एका पान्यावर डब्ल्यू, दुसऱ्यावर बी.एस., तिसऱ्यावर ए.एफ. आकडा तिघांवर तीन-आठच, म्हणजे तीन अष्टमांश इंच, आणि तोंडं मात्र तिघांची तीन मापांची. ज्या विलायती डोक्यांतून हे निघालं, त्यांच्या घरात पोरांची नावंही तशीच असणार, एका घरात तीन गेणू.

"आन् ही अक्षरं कशाची?" दत्तोबाने विचारलं.

"कंपनीची सही असंल," जोतीराम बेफिकीरपणे म्हणाला.

"गाढवापुढं वाचली गीता, कालचा गोंधळ बरा हुता," दत्तोबा पुटपुटला.

दुसऱ्या कुणी एकेक पाना नटावर बसवून पाहिला असता. पण असल्या मेव्हण्यासमोर चाचपडायचं? दत्तोबाने ढिगातून एक पाना उचलला आणि नटावर चढवला. पाना किंचित खेळत होता.

"दाजी, ढिला वाटतुया."

"गप ऱ्हा. हात माझा हाय."

त्याने अंगाचा सगळा भार टाकला. पाना घसरला आणि नटाचे कोपरे गेले. सुपारीसारखा गोल झालेला नट आता कुठल्याच पान्याला दाद देईना. मग त्याने छिन्नी लावली, तर बोल्टच तुटून आत राहिला.

प्रयागबाई जवळ आली. "कवा चालू हुतंय, फिटर?"

"उद्या. बारामतीस्नं सामान आणाय लागंल."

"आन् आज काय पाजू वांग्यास्नी? तुझ्यावानी फिटर मुलखात न्हाय, आसं तूच सांगतुस न्हवं?"

दत्तोबाने मेव्हण्याला शिवी घालायला तोंड उघडलं आणि मिटलं. नट त्याच्याच हाताने गेला होता. भर उन्हात त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मोट हाय का जागंवर?" त्याने हळूच विचारलं.

"गोठ्यात टांगलीया. हाकायची कुनी?"

दत्तोबाच्या बापाने जन्मभर लोकांच्या विहिरींवर मोट हाकली होती. जनावरामागं चालून माणूस जनावर होतो, असं दत्तोबा बापाच्या तोंडावर बोलला होता, आणि मग इंजिनाकडे वळला होता. त्याने अंगातला तेलकट सदरा काढला, वाळलेली मोट पाण्यात भिजवली आणि गोठ्यातले बैल जुंपले.

पहिल्या काही मोटा त्याला नीट साधल्या नाहीत. निम्मं पाणी परत विहिरीतच सांडलं. मग बैल उतारावर निघाले की नाड्यावर, मोटेच्या दोरावर, बसून उतरायचं अंगाला आठवलं. बाजारातून परतणारी माणसं रस्त्यावर थांबून बघू लागली. त्यांतल्या कित्येकांची इंजिनं त्याने बढाया मारत दुरुस्त केली होती. जोतीरामने लाजून तोंड फिरवलं. दत्तोबा बैलांच्या पाठीकडे बघत राहिला.

उन्हं कलली तेव्हा प्रयागबाई शेवटच्या वाफ्यापाशी दारं धरून उभी होती.

"पानी पोचलं गा, मोटकरी," तिने तिथूनच हाक दिली. "थांबू नगंस."

"व्हय," दत्तोबा म्हणाला, आणि त्याने पुढच्या मोटेसाठी बैल मागे घेतले.