चारही चाकं

दसऱ्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात आमचा जुना पिकअप ओढेनासा झाला. रिकामा असतानाही माल भरल्यासारखा चालायचा. मुलुंड चेकनाक्यापर्यंत जाऊन आला की चाकांतून जळकट वास यायचा. माझे सासरे, गुणाजी, यांनी निदान करून टाकलं : ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवून गाडी हाकतो. त्यावर माझ्या नवऱ्याने, सहदेवने, शनिवारी ड्रायव्हरला, अर्बनला, बजावलं, "उद्या संध्याकाळपर्यंत कारण दाखव, नाहीतर चावी ठेव आणि मढला घरी जा."

अर्बन तीन वर्षं गाडी चालवत होता. घरात म्हातारी आई आणि दोन मुली.

रविवारी सकाळी तो अंगणात जॅक लावून बसला होता. मी खाली गेले.

"कुठलं चाक?"

"तेच ना वहिनी. चारही. एक असतं तर त्याचे ब्रेक-शू सैल केले असते, काम झालं असतं."

त्याने ब्रेकचं पॅडल दाबून सोडलं आणि मला चाक फिरवायला सांगितलं. हललं नाही. मग चाकामागचा छोटा स्क्रू जरासा सैल केला. तेलाची चिळकांडी उडाली आणि चारही चाकं मोकळी झाली.

"म्हणजे पाय काढला तरी दाब उतरत नाही," मी म्हटलं.

"हां. आता कुठे अडकतो ते बघू."

त्याने स्क्रू आवळला, पुन्हा पॅडल दाबलं, आणि या वेळी बॉनेटखाली, चारही चाकांकडे तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरपाशीच पाइप सैल केला. पुन्हा चारही सुटली.

"पाइप चोंदलेले नाय. वाट इथे लागलीय. तेल सिलिंडरमधून परत टाकीत जात नाय."

त्याने सिलिंडरवरच्या ब्रेक ऑइलच्या छोट्या टाकीचं झाकण उघडलं. आतली रबराची चकती भिजल्या पापडासारखी वाकडी झाली होती आणि काही केल्या झाकणात परत बसेना. सिलिंडरमधली रबरंही अशीच फुगली असणार आणि तेल परतायचं भोक त्यांनी बुजवलं असणार.

"मी सीलबंद डब्यातलंच घालतो, देवाशपथ!"

मी वरून पाण्याचे दोन पेले आणले. डब्यातलं ब्रेक ऑइल एकात टाकून ढवळलं. ते पाण्यात मिसळून गेलं. टाकीतलं दुसऱ्यात टाकलं, तर वर तपकिरी थर तरंगत राहिला. रंगाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत मी नऊ वर्षं काम करत होते. मला आणखी पुरावा नको होता.

"यात मशिनला घालतात तसलं तेल आहे, अर्बन. त्यानेच रबरं फुगली."

"पण टाकलं कोणी?"

दसऱ्याला अर्बन सुट्टीवर होता. गुणाजी गिरणीत अठ्ठावीस वर्षं मशिनींना तेल घालायचे. दसऱ्याला प्रत्येक तेलवाल्याने आपल्या मशिनींचे सगळे तेलाचे कप स्वतःच्या हाताने भरायचे, मग पूजा, ही तिथली रीत. संप झाला, गिरणी गेली, लांब चोचीची तेलाची झारी तेवढी घरी आली. यंदाही त्यांनी शिलाईचं मशीन, सायकल, दाराच्या बिजागऱ्या केल्या. मग पिकअपचं बॉनेट उघडायला लावलं.

संध्याकाळी मी सहदेवसमोरच त्यांना विचारलं.

"घातलंय तर!" ते खूश होऊन म्हणाले. "ड्रायव्हर कसलो तो? एक कप अर्धो रिकामो होतो. मिया भरलंय."

मी दोन्ही पेले टेबलावर ठेवले आणि सांगितलं.

"माका शिकवतंस? अठ्ठावीस वर्सा तेल घातलंय. एक मशीन कधी अडली?" ते उठून आत गेले. मशिनींचं काम सोडलं तर त्यांना कशासाठीच कधी कोणी शाबासकी दिली नव्हती, हे मलाही माहीत होतं.

सहदेवने पेले मोरीत ओतले. "बाबांकडे दुसरं काय उरलंय गं?"

"आणि अर्बनकडे?"

"तो तरुण आहे. मिळेल कुठेतरी."

अर्बनकडून चावी सहदेवने त्याच रात्री घेतली. आठवड्यात सगळी रबरं बदलली, पाइप धुतले, नवा ड्रायव्हर आला. गुणाजी शेजाऱ्यांना सांगू लागले, "माणूस बदललो, गाडी सुटली."

डिसेंबरात अर्बन दाराशी आला. घाटकोपरचा एक मालक त्याला ठेवायला तयार होता, पण आधीच्याने का काढलं ते लेखी मागत होता.

"तूच लिही," सहदेव मला म्हणाला. "तुझं अक्षर चांगलं आहे."

मी लिहिलं : ब्रेक खराब होण्यात चालकाचा दोष नव्हता.

"ते खोड. दोष नव्हता तर काढला कशाला, असं विचारतील. आणि बाबांचं नाव नको."

"मग काय लिहू?"

"शिकलेली आहेस ना तू?"

मी नवा कागद घेतला. 'गाडीचे ब्रेक खराब झाले. कारण कळू शकलं नाही.' सहदेवने सही केली.

अर्बनने कागद दोनदा वाचला.

"तुम्हालापण नाय कळलं, वहिनी?"

सहदेव माझ्याकडे बघत होता.

"नाही," मी म्हटलं.

त्याने कागदाची घडी घातली, खिशात ठेवला आणि पायऱ्या उतरून गेला.