दुसरं ताट

चुलीच्या देवाचे मंत्र आटोपले. आंधळ्या योकिचीबुवांनी मांडीवरच्या बिवा वाद्याच्या तारा पिळून सुरात आणल्या आणि विचारलं, "तोमेबाई, गोष्ट नेहमीचीच ना?"

"दुसरी कुठली? तुम्हाला तरी दुसरी धड येते का!" म्हातारी म्हणाली.

नेहमीची म्हणजे नदीकाठच्या लढाईची. कोवळा स्वार घोडा पाण्यात घालतो, तिथवर तोमेबाई ऐकायची आणि म्हणायची, "पुरे बुवा, जेवून घ्या." पुढे तो मरतो. तिचा मुलगा शिगेओ युद्धावर गेला, तो मेल्याचा कागद आला, कागद तिनं चुलीत घातला. अंत्यविधी करायला आलेल्या भिक्षूला दारातूनच पिटाळलं. तेव्हापासून या घरात तो स्वार कधी मेला नाही. बुवांनाही ते बरंच होतं. हाच शिगेओ त्यांची बिवा पाठीवर टाकून चढण चढायचा, "हिच्यात दगड भरलेत का हो बुवा?" म्हणून खिजवायचा. त्याला मारायची बुवांची कुठली छाती!

आणि जेवायला ताटं दोन मांडली जायची. एक बुवांपुढे, एक शेजारच्या रिकाम्या जागेपुढे. डोळे नसले म्हणून काय झालं, ताट ठेवल्याचा आवाज कळतोच की.

आज स्वार पाण्यात उतरला आणि बुवा सवयीनं थांबले.

"जेवायचं ना?"

"पुढचं सांगा."

बुवांची नखी तारांवर अडली. "बाई, पुढचं ठाऊक आहे ना?"

"मी काय खुळी आहे? माझे गुडघे गेले, उद्या मीही जाईन. मग त्याचं कोण करणार? मीच त्याला अडवून ठेवलंय, बुवा. ना इकडचा, ना तिकडचा. सोडा त्याला."

बुवांनी घसा खाकरला. मरणाच्या जागी आवाज चढवायचा, ही गुरूची शिकवण. पण "बाण लागला" एवढंच त्यांना म्हणता आलं. उरलेलं सगळं बिवाच बोलली. घोडा एकटाच पैलतीरी आला, तेही तिनंच सांगितलं. मेल्या तारा, ऐन वेळी एकही तुटली नाही! तोमेबाई मोकळ्या गळ्यानं रडली, इतक्या वर्षांचं रडली.

मग ती उठली. बुवांपुढे ताट आलं. सवयीनं ते शेजारच्या ताटाची वाट बघत राहिले.

दुसऱ्या ताटाचा आवाज भिंतीकडून आला, पूर्वजांच्या देव्हाऱ्यापासून. पाठोपाठ तिथली लहानशी घंटा वाजली.

"जेव बाळा," तोमेबाई म्हणाली.