थोरलीचा इंग्रजी वर्ग

खोटं बोलायची मला सवय नाही. थोडं वाढवून सांगायची आहे. पण आमच्या थोरलीला इंग्रजी कळायचं, यात मी काडीचंही वाढवलेलं नाही. थोरली म्हणजे आमची म्हैस.

तिला शिकवलं माझ्या नातीनं. नात तिसरीत. घरात तोंडाचा पट्टा अखंड सुरू, पण वर्गात इंग्रजीचं पुस्तक उघडलं की दातखीळ. शाळेची खोली एक, इयत्ता चार. कुणी चुकलं की मागच्या बाकावरची चौथी खो खो हसायची. मग बोलणार कोण?

तेवढ्यात वरून निरोप आला. साहेब तपासायला येणार. पोरं इंग्रजी बोलली नाहीत तर शाळा बंद, सगळ्यांची रवानगी नदीपलीकडच्या शाळेत. तेवढ्या लांब सूनबाई पोरीला पाठवणार नव्हती. नातीचं शिक्षण तिसरीतच आटोपलं असतं.

हे सांगायला शाळेतल्या बाई घरी आल्या, तर गोठ्यातून इंग्रजीचा धबधबा!

"आजोबा, ही कुणाशी बोलतेय?"

"म्हशीशी."

"अगं, मग वर्गात का नाही बोलत?"

नात म्हणाली, "थोरली हसत नाही ना, बाई."

बाई पक्क्या. दुसऱ्या दिवसापासून घरचा अभ्यास एकच: घरच्या जनावराशी इंग्रजीत बोलायचं. आणि वर्गात नियम असा, की जो हसेल त्यानं उभं राहून पुढचं वाक्य बोलायचं. चौथीचे दात लगेच आत गेले.

संध्याकाळी शेळ्या, कोंबड्या, कुत्री, सगळ्यांशी इंग्रजीत गप्पा. एक फेरीवाला तर आपण वाट चुकून परदेशात आलो म्हणून वेशीवरूनच परत फिरला. थोरली इतकी शेफारली की मराठीत "सरक गं" म्हटलं तर ढिम्म हलेना. या वयात मला 'प्लीज' शिकावं लागलं!

साहेब आले. पोरं अडखळत का होईना, बोलली. नातीची पाळी आली आणि पुन्हा दातखीळ. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, बाईंचा चेहरा पडला. खिडकीतून बघणारा मी धावत गेलो आणि थोरलीला घेऊन आलो.

"हे काय, आजोबा?"

"दुभाषीणबाई, साहेब."

दुभाषीणबाई सरळ आत घुसल्या. साहेब टेबलावर! नात ताडकन उठली.

"स्टॉप! सिट डाउन, प्लीज!"

थोरली बसली. मग पोरगी वळली, म्हशीकडे नाही, साहेबांकडे.

"डोन्ट बी अफ्रेड, सर. शी लाइक्स न्यू पीपल."

साहेबांनी टेबलावरूनच विचारायला सुरुवात केली. म्हैस खाते काय, दूध कोण काढतं, तुला मोठेपणी काय व्हायचंय. पोरगी धडाधड उत्तरं देत सुटली. एकदा चुकली, थांबली, स्वतःच सुधारून पुढे गेली. चौथीतून हूं की चूं नाही. बाई फळ्याकडे तोंड करून डोळे पुसत होत्या, आणि खडूची पूड गेली म्हणून सांगत होत्या.

साहेब खाली उतरायचंही विसरले. "शाळा इथेच राहील," म्हणाले, आणि टेबलावर बसूनच तसं लिहिलं.

आणि मी? घरी परतताना मान इतकी ताठ होती की रोज ज्या दारातून वाकून जातो, त्याच्या चौकटीवर कपाळ आपटलं. टेंगूळ अजून आहे. हात लावून बघा हवं तर.