माझ्या फोटोला हार

मी धोंडू. हिरकणीवाडीत आमचं जेवणाचं छोटं दुकान आहे आणि तिथे येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या लेखी मी मेलेलो आहे.

हे डोकं आमच्या सुनेचं, दीक्षाचं. रायगड बघायला येणारी माणसं आमच्याकडे वळावीत म्हणून तिने मोबाइलवर पिठलं-भाकरीचे व्हिडिओ टाकले. कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. मग एकदा चुलीपुढे बसलेल्या सासूला दाखवून ती म्हणाली, "सासरे गडावर डोली वाहायचे. तिथेच पाय घसरून गेले. तेव्हापासून आई एकटीच ही चूल पेटवते." पुढच्या रविवारी अंगणात गाड्या मावेनात.

मी खवळलो. जित्या माणसाला मारतेस होय गो?

"बाबा, चव काय मोबाइलात कळत नाय," ती म्हणाली. "लोकांना गोष्ट लागते. नायतर दुकान बंद करून जातो आम्ही परत मुंबईला."

नातू माझ्या मांडीवर होता. मी म्हटलं, बरं, मेलो मी.

तेव्हापासून गाडी थांबली की मी मागच्या खोलीत. भिंतीवर माझा फोटो, त्याला चंदनाचा हार, पुढे मेणबत्ती. माझी बायको सोनाबाई मंगळसूत्र काढून चुलीमागच्या खिळ्याला अडकवते. मेले शेजारी दात काढतात, "काय कैलासवासी, चहा घेता का?"

परवा पुण्याच्या एका बाईने विचारलं, "आजी, आजोबा कसे होते हो?"

दाराआड मी कान टवकारले. भाकरी थापता थापता सोनाबाई म्हणाली, "दमून यायचे, पन रुमालात माझ्यासाठी करवंदं बांधलेली असायची. लय जीव होता माझ्यावर."

एवढ्या वर्षांच्या संसारात हे ती माझ्या तोंडावर कधी बोलली नव्हती. मला इतका आनंद झाला की वाटलं, तसंच बाहेर जावं आणि म्हणावं, अगो, हाय मी अजून! तेवढ्यात चुलीच्या धुराने मला ठसका लागला.

"आत कोण आहे?" बाईने विचारलं.

"कोण नाय," सोनाबाई म्हणाली. "तुमी जेवा."

संध्याकाळी गाड्या गेल्यावर मी बाहेर आलो. ती भांडी घासत होती, गळा मोकळाच. मी खिळ्यावरचं मंगळसूत्र काढून तिच्यापुढे धरलं.

"ऱ्हाऊ द्या तिथंच," मान वर न करता ती म्हणाली. "सकाळी परत काढायचंच हाय."

मी ते पुन्हा खिळ्याला अडकवलं. मला रडू आलं. तेही मी आवाज न करताच रडलो. आता सवय झालीय.