तांदळात लिहिलेलं नाव

मंगळवारी सकाळी साडेनऊला फोन वाजला तेव्हा स्वाती देवस्थळी पायात काळे बूट चढवून स्वयंपाकघरात कणीक मळत होती. बूट नवे होते, आणि येण्याआधी ते वापरून मऊ करून ठेवा असं तुरुंगाच्या पत्रात लिहिलं होतं. सोमवारपासून आठ आठवड्यांचं प्रशिक्षण. ते पार पडलं की लीड्सपासून चाळीस मिनिटांवरच्या तुरुंगात जेल ऑफिसरची नोकरी. लेखी परीक्षा झाली होती, मुलाखत झाली होती, धावण्याची चाचणीही झाली होती. नागपुरात मुलींच्या शाळेत पाच वर्षं पीटी शिकवलेली बाई ती. तिच्याबरोबर धावायला उभे राहिलेले पंचविशीतले दोघे अर्ध्यातच कमरेवर हात ठेवून थांबले होते.

फोनवर मिसेस ब्रॅडली होत्या, उमेदवारांची पार्श्वभूमी तपासणाऱ्या कचेरीतल्या.

“मिसेस देवस्थळी, तुमच्या फाइलमध्ये आम्हाला दुसरीच एक बाई सापडली आहे.”

“कोण?”

“वैजयंती ठोसर.”

स्वातीने पिठाचा हात एप्रनला पुसला. “ती मीच.”

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. “रकाना सात. आजवर वापरलेली इतर सर्व नावं. तिथे तुम्ही ‘एकही नाही’ असं लिहिलंय.”

“ते लग्नाआधीचं नाव आहे. म्हणून पदवीवर आहे.”

“आडनाव बदललं, ते समजलं. पण पहिलं नाव?”

“तेही लग्नातच बदललं.”

“आणि मधलं?”

“ते आधी वडिलांचं होतं, मग नवऱ्याचं झालं.”

“म्हणजे मूळ नावातलं काहीच उरलं नाही?”

अकरा वर्षांत हे कुणी असं मांडलं नव्हतं. “नाही,” स्वाती म्हणाली.

“इतकी नावं आमच्याकडे आत असलेल्यांना असतात,” मिसेस ब्रॅडली म्हणाल्या. आवाजात कुत्सितपणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. शुक्रवारी चारपर्यंत दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचा सरकारी कागद हवा. नाहीतर सोमवारची जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. आणि माहिती लपवल्याचा शेरा एकदा बसला की पुन्हा अर्जही नाही.

फोन ठेवून स्वाती पुन्हा कणकेकडे वळली. रकाना सात तिला लख्ख आठवत होता. इतर नाव म्हणजे ऊर्फ, आणि ऊर्फ असतं ते पोलिसांच्या यादीतल्या लोकांना, असं धरून तिने बेधडक ‘एकही नाही’ लिहिलं होतं. तिच्या ओळखीतल्या निम्म्या बायकांनी तेच लिहिलं असतं.

खरं तर चार महिने तिने धसका घेतला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. “भारतीय पासपोर्टवर जेल ऑफिसर? विसर,” असं महाराष्ट्र मंडळात ज्याने त्याने सांगितलं होतं. कचेरीत तीनदा फोन केला तर तीन उत्तरं मिळाली: चालतं, चालत नाही, बघावं लागेल. शेवटी तिने पत्रच लिहिलं. लेखी उत्तर आलं की उमेदवार कॉमनवेल्थ देशाची नागरिक आहे, तिला इथे कायम राहण्याची परवानगी आहे, सबब हरकत नाही. ते पत्र तिने प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ठेवलं होतं. पासपोर्टच्या रंगावरून आजतागायत कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. आणि आता हे.

संध्याकाळी अवधूत ऑफिसातून आला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि टाय सोडत म्हणाला, “म्हणून सांगत होतो, सिटिझनशिप घेऊन टाक. माझा फॉर्म गेला, तुझाही गेला असता.”

“त्याने काय झालं असतं? शपथ घेतल्यावर पदवीवरचं नाव पुसलं जातं का?”

“तसं नाही गं...”

“इथे सहा वर्षं राहतेय. पाच वर्षं सुपरमार्केटच्या टिलवर बिलं करत बसले. राहायची परवानगी आहे, काम करायची परवानगी आहे, हे काम करायलाही नियमाची हरकत नाही. शपथ कधी घ्यायची ते मी बघेन. तू आता कागद शोध.”

“शोधतो. पण एक सांग, जमलं तर लोकांना काय सांगू? बायको कुठे असते, तर जेलमध्ये?”

“अवधूत, कागद.”

कागद निघाले ते सगळे एकाच बाजूचे. लग्नाचा दाखला अठ्ठ्याण्णव साली व्हिसासाठी घाईघाईत काढलेला. त्यावर ‘गोंधळ नको’ म्हणून एजंटने फक्त नवं नाव घातलेलं. लग्नपत्रिकेवर चि. सौ. कां. वैजयंती, पण स्वातीचा पत्ता नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वैजयंती शशिधर ठोसर, जन्मतारीख अक्षरी, आणि तोही मराठीत.

अवधूतने पुण्याला आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. “आई, स्वातीचं नाव बदललं त्याचं गॅझेट केलं होतं का?”

“गॅझेट? आपल्याकडे कुणी केलंय ते? गुरुजींनी ताटात तांदूळ पसरले, तू अंगठीने नाव लिहिलंस, पेढे वाटले. झालं की.”

“पण बदललं कशाला, हे विचारतायत इथे.”

“अरे, तुझी धाकटी काकू वैजयंतीच ना! एका घरात दोन वैजयंत्या कशा चालतील? हाक मारली की दोघी यायच्या.” मग सासूबाईंनी तिलाच विचारलं. “स्वाती, तुला आवडलं नव्हतं का गं नाव?”

“नाही, तसं काही नाही आई,” स्वाती म्हणाली. धाकट्या काकू तेव्हाही सोलापुरात राहत होत्या आणि वर्षातून एकदा गणपतीला येत, हे सांगून आता काय उपयोग होता?

नऊ वर्षांची अन्वी दारात उभी राहून ऐकत होती. “आई, मग तुझा खरा नाव कुठला आहे?”

“झोपायला जा,” दोघंही एकदम म्हणाले.

बुधवारी स्वातीने दाखल्याचं भाषांतर करून घेतलं. गुरुवारी सॉलिसिटरसमोर प्रतिज्ञापत्र केलं. त्याने चष्म्यावरून बघत दोनदा विचारलं, “नवऱ्याने नाव धान्यात लिहिलं?” दोनदा ती हो म्हणाली. शुक्रवारी अवधूतने सुट्टी घेतली आणि दोन वाजता तिला कचेरीच्या दारात सोडलं.

मिसेस ब्रॅडली साठीच्या, बारीक चणीच्या निघाल्या. प्रतिज्ञापत्र त्यांनी बाजूला ठेवलं. “हे तुमचं म्हणणं झालं. सरकारी कागद?”

स्वातीने लग्नातल्या तांदळाच्या ताटाचा फोटो पुढे केला. मिसेस ब्रॅडलींनी तो उलटा धरला, मग सुलटा केला. “हा भात आहे.”

“त्यावर स्वाती लिहिलंय.”

“तुमची संमती घेतली होती?”

“मी शेजारीच बसले होते.”

“मी ते विचारलं नाही.”

स्वातीने फोल्डर पुढे ओढला. फोल्डरमधलं सगळं टेबलावर काढता काढता पासपोर्ट हातात आला आणि तिला फाइलमधली त्याची झेरॉक्स दिसली. फक्त पहिलं पान. फोटो, नाव, जन्मतारीख.

“शेवटचं पान कुठाय?” तिने विचारलं.

“शेवटच्या पानावर काय असतं?”

“आमच्या पासपोर्टवर शेवटच्या पानावर आईवडिलांची आणि नवऱ्याची नावं असतात.” तिने पान उघडून समोर ठेवलं. वडील, शशिधर ठोसर. नवरा, अवधूत देवस्थळी. त्याच्याशेजारी तिने दाखल्याचं भाषांतर ठेवलं. वैजयंती शशिधर ठोसर. जन्मतारीख तीच, गाव तेच. “पासपोर्ट पहिल्या दिवशी दिला होता मी तुम्हाला. अख्खा.”

मिसेस ब्रॅडलींनी दोन्ही कागद रेघेला रेघ लावून वाचले. त्यांना बराच वेळ लागला.

“एक शक्यता राहते,” त्या म्हणाल्या. “जुळी बहीण.”

“मला बहीण नाही.”

“तसा कागद...”

“मिसेस ब्रॅडली,” स्वाती म्हणाली. मुलींच्या शाळेत रांग वाकडी झाली की निघायचा तो आवाज आपोआप निघाला. “नसलेल्या बहिणीचा दाखला जगातलं कुठलंच सरकार देत नाही. तुमचंसुद्धा नाही.”

मिसेस ब्रॅडलींनी मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. पेन उचललं, खाली ठेवलं आणि आतल्या खोलीत जाऊन त्या शेवटच्या पानाची झेरॉक्स काढून आल्या. मग कुणाला तरी फोन केला, आणि पंचवीस मिनिटांनी त्या माणसाचा उलट फोन आला. तीन वाजून दहा मिनिटांनी त्यांनी कोरा फॉर्म स्वातीसमोर सरकवला. “रकाना सात पुन्हा भरा. सोमवारी आठला हजर राहा.”

स्वातीने भरला. तीन ओळींच्या रकान्यात एक ओळ पुरली.

“आता दोन्ही नावं तपासून झाली आहेत,” मिसेस ब्रॅडली म्हणाल्या. “तुरुंगाच्या पासवर कुठलं घालू? तुम्हाला हवं ते.”

लग्नाच्या मांडवात हे कुणी विचारलं नव्हतं. स्वातीच्या ओठांवर जुनं नाव आलंसुद्धा. मग तिला बँक दिसली, अन्वीची शाळा, डॉक्टर, कौन्सिल, आणि प्रत्येक ठिकाणी टेबलापलीकडे बसलेली एकेक मिसेस ब्रॅडली.

“पासपोर्टवर आहे तेच,” ती म्हणाली. “तेच राहू द्या.”

गाडीत बसल्याबरोबर तिने बूट काढले. टाच सोलली होती.

“झालं?” अवधूतने विचारलं.

“झालं. सोमवारी सव्वासातला निघायचं.”

त्याने गाडी सुरू केली. पहिल्या सिग्नलला जरा चाचरत म्हणाला, “मग मंडळात काय सांगू?”

“सांग,” स्वाती टाच चोळत म्हणाली, “बायको एकदाची आत गेली.”