नववा प्रश्न

ज्या दिवशी कळलं तो गुरुवार होता. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. वेळ नक्की आठवते, कारण अकराचं रीडिंग मी नुकतंच लॉगबुकात लिहिलं होतं. एका मोठ्या लाँड्रीत मी बॉयलर सांभाळतो. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी आमच्याकडे येतात, त्यांना लागणारी वाफ माझ्याकडून जाते. सुपरवायझर खाली कधी येत नाहीत, त्यांच्या चष्म्यावर वाफ धरते. त्या दिवशी आले आणि चष्मा पुसलासुद्धा नाही.

"वर चला. मुलीचा फोन आहे."

"बॉयलर चालू आहे," मी म्हणालो.

"मी थांबतो इथे. तुम्ही जा."

त्यांना बॉयलरमधलं ओ की ठो कळत नाही. ते थांबतो म्हणाले, तसा मी जिन्याकडे धावलो.

लेक फोनवर म्हणाली, "बाबा, आई गेली." मग म्हणाली, "तिने स्वतःच, बाबा."

कसं, ते मी लिहिणार नाही.

कळलं ते सुईबाईंमुळे, म्हणजे हिला ॲक्युपंक्चरच्या सुया देणाऱ्या बाईंमुळे. गुरुवारी दहा वाजता हिची सुयांची वेळ असायची. सोमवारी माझी सुट्टी म्हणून मी बरोबर जायचो, गुरुवारी ती एकटी जायची. साडेदहापर्यंत ती आली नाही, घरचा फोन कुणी उचलेना, म्हणून सुईबाईंनी अर्जावरचा दुसरा नंबर लावला. तो लेकीचा. तिच्याकडे आमच्या घराची किल्ली असते.

हिला दोन वर्षं डिप्रेशन होतं. गोळ्या चालू होत्या. गोळ्यांनी रडणं थांबलं, पण हसणं काही परत आलं नाही. दिवसभर खिडकीपाशी बसायची. विचारलं तर, "काही नाही हो, बसलेय." मग डॉक्टरांनी सांगितलं की त्यांच्या दवाखान्यात एक अभ्यास चालू आहे. गोळ्यांच्या जोडीला ॲक्युपंक्चर दिलं तर जास्त फरक पडतो का, ते बघायचं. आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे. "सुया जोडीला आहेत, गोळ्या सोडायच्या नाहीत," हे त्यांनी दोनदा बजावलं. आम्ही सोडल्या नाहीत. त्या बाबतीत आमची चूक नाही.

सुयांची खोली पहिल्या मजल्यावर, मागच्या बाजूला. एक उंच पलंग, एक पडदा, भिंतीवर घड्याळ. सुया देणाऱ्या बाईंना हिने पहिल्याच दिवशी सुईबाई नाव ठेवलं आणि त्यांनीही ते चालवून घेतलं.

"दुखेल का?" हिने विचारलं.

"मुंगी चावल्याइतकं. मग आत जड वाटेल. जड वाटलं की मला सांगा."

"दोन वर्षं जडच वाटतंय," ही म्हणाली. "त्यातलं तुमचं कुठलं, ते कसं ओळखायचं?"

सुईबाई हसल्या. पडद्याच्या फटीतून मला हिचा चेहरा दिसत होता. तीही थोडी हसली.

एक सुई भुवयांच्या मध्ये, एक टाळूवर, बाकी मनगटांना आणि पायांना. अर्धा तास तसंच पडून राहायचं. दुसऱ्या आठवड्यात ती तिथे झोपली. घरी रात्र-रात्र टक्क जागी असणारी बाई तिथे अंगात सुया घेऊन घोरत होती. बाहेर बाकावर बसून मी ते घोरणं ऐकलं. सत्तावीस वर्षं त्या घोरण्यावरून मी तिला चिडवलं होतं. त्या दिवशी वाटलं, कुणी मध्ये बोलू नये.

परत येताना ती म्हणाली, "अहो वाफेवाले, आज लांबच्या रस्त्याने जाऊ या." लांबच्या रस्त्याला एक बाग लागते. बागेत ती पूर्ण फेरी चालली. त्या अर्ध्या तासासाठी आणि त्या लांबच्या रस्त्यासाठी मी काहीही केलं असतं. आणि केलंच.

दर सोमवारी एक फॉर्म भरायचा असे. नऊ प्रश्न. झोप कशी होती, भूक कशी होती, कामात मन लागलं का, असे. प्रत्येक प्रश्नापुढे चार चौकोन, अजिबात नाही पासून जवळजवळ रोज पर्यंत, शून्य ते तीन. नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याचा होता. फॉर्म पेशंटनेच भरायचा, पण हिच्या हाताला कंप असायचा. ती म्हणाली, "तुम्हीच भरा. तुमचा जन्म आकडे लिहिण्यात गेलाय." सुईबाई म्हणाल्या, "चालेल, पण उत्तर त्यांचंच हवं. खाली सही त्या करतील."

पहिले तीन आठवडे मी एकेक प्रश्न वाचला, ती सांगेल तिथे खूण केली. बेरीज बावीस, मग एकवीस, मग वीस. नवव्याला ती दर वेळी खाली बघून म्हणायची, "दुसरा चौकोन." मी तिथे खूण करायचो आणि कागद उलटा ठेवायचो.

चौथ्या सोमवारी बाकावर एक माणूस भेटला. त्याच्या भावाचं नाव याच अभ्यासात होतं. मी विचारलं, "आज भाऊ दिसत नाहीत?"

"त्याला काढलं."

"काढलं म्हणजे?"

"त्या फॉर्मात आकडा वाढला. शेवटच्या प्रश्नाला खरं लिहून बसला. लगेच वर घेऊन गेले. परत इकडे आलाच नाही."

मी पुढे काही विचारलं नाही. हीच माझी चूक. आमच्या कामात बॉयलरवरची पातळीची काच गढूळ दिसली तर आधी काच पुसायची, मग पाण्याची पातळी लिहायची, हे मी नव्या माणसांना शिकवतो. चिमणीचं तापमान मी कधीकधी अंदाजाने लिहिलंय, ते सगळेच लिहितात. पण प्रेशर आणि पाण्याची पातळी एकतीस वर्षांत एकदाही खोटी लिहिली नाही. त्यात माणसं मरतात.

त्या दिवशी फॉर्म आला. मी नववा प्रश्न वाचला. या वेळी ती म्हणाली, "तिसरा." मी पहिल्या चौकोनात खूण केली. अजिबात नाही.

तिने बघितलं. "तिसरा म्हटलं मी."

"अगं, जास्त लिहिलं तर काढून टाकतात. मग सुया बंद. झोप लागते ना तुला इथे?"

"लागते."

"मग?"

तिने सही केली. वर म्हणाली, "तब्येत सुधारायची इतकी सोपी युक्ती होती, आणि डॉक्टर दोन वर्षं गोळ्या देत बसले." मी हसलो. मला वाटलं ती थट्टा करतेय, म्हणजे बरीच आहे.

त्यानंतर दर आठवड्याला मी आकडा थोडा खाली आणत गेलो. एकदम नाही, संशय येऊ नये असा. सतरा, चौदा, अकरा. सातव्या आठवड्यात मी प्रश्न वाचायला लागलो तर ती म्हणाली, "वाचता कशाला? काय लिहायचं ते तुम्हाला माहीत आहे." तेव्हापासून मी वाचणं सोडलं. आठवड्यातून एकदाच मी तिला विचारायचो, जगावंसं वाटतं का, आणि तेही कागद समोर होता म्हणून. ते बंद झालं. दहाव्या आठवड्यात बेरीज सहा. लेकीला मी फोन करून सांगितलं, "आई बावीसवरून सहावर आली." लेक आनंदाने रडली.

अकराव्या आठवड्यातला तो गुरुवार.

नंतर पंधरा दिवसांनी मी हिची शाल आणायला सुईबाईंकडे गेलो. तिथे राहिली होती. त्यांनी घडी घालून ठेवली होती. त्यांचे डोळे आत गेले होते. त्यांनी एक कागद पुढे केला. हिच्या फॉर्मांचा आलेख, डावीकडून उजवीकडे उतरत गेलेली रेघ.

"मी हा पुन्हा पुन्हा बघते," त्या म्हणाल्या. "इतकी सरळ उतरलीय. मला काहीच दिसलं नाही. कुठे हुकलं माझं?"

मी रेघेकडे बघत राहिलो. ती मी काढली होती.

"आकडा वाढला की काढता ना तुम्ही?" मी विचारलं.

"काढत नाही हो. नवव्या प्रश्नाला दुसऱ्या चौकोनाच्या पुढे खूण आली की त्याच दिवशी वर मोठ्या डॉक्टरांकडे नेतो. गरज पडली तर दाखल करतो. घरच्यांना बसवून सांगतो, एकटं सोडू नका म्हणून. सुया वर वॉर्डातही चालू राहतात. तो प्रश्न त्यासाठीच आहे."

"तुमच्याकडे एकजण होते, त्यांचा भाऊ मला बाकावर भेटला होता. त्यांना वर नेलं होतं."

"आहेत की. बरे आहेत. मागच्या महिन्यात कामावर गेले."

मी शाल घेतली. "येतो," म्हणालो. त्या मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, "मी हे काम सोडायचा विचार करतेय." मी जिना उतरलो.

घरी लेक होती. सुईबाईंनी तो आलेख तिलाही दाखवला होता. "बाबा, आई बरी होत होती," ती म्हणाली. "मग त्या रविवारी मीच. मी तिला फोनवर म्हटलं, आता बरी आहेस ना, मग किती दिवस घरात बसून राहणार? ती म्हणाली, हो गं, खरंय. चार दिवसांनी..."

"तुझ्यामुळे नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

मला माहीत होतं. ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "चहा टाकतो," आणि आत गेलो. पातेल्यातलं पाणी आटून गेलं तरी मी तिथेच उभा होतो.

तेव्हापासून लेक नीट जेवत नाही. तिची झोप गेली आहे. परवा तिला मी खिडकीपाशी बसलेलं पाहिलं. विचारलं तर म्हणाली, "काही नाही, बसलेय."

गेले तीन सोमवार मी दवाखान्यात जातो. बाकावर बसतो. पडद्यामागे कुणीतरी पडलेलं असतं. सुईबाई बाहेर येतात, "काही हवंय का?" विचारतात. मी म्हणतो, "इकडून चाललो होतो." या महिन्याअखेर सगळे फॉर्म अभ्यासाचा निष्कर्ष काढायला पुढे जाणार आहेत, हे त्यांनीच सांगितलं. त्यात हिचे अकरा आहेत. पहिले तीन खरे, आठ माझे.

ते आठ फॉर्म खोटे आहेत, हे मी अजून सुईबाईंना सांगितलेलं नाही. लेकीलाही नाही.